मी म्हणजे माधव

कुरुंद्याच्या तातेराव मास्तरांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे ते रस्त्यानं चालताना स्वतःशी बोलत, आणि दुसरी म्हणजे ते जे बोलत ते कधीच त्यांचं स्वतःचं नसे. ओढ्याकडून येता येता मध्येच थांबून बाभळीला बोट दाखवून म्हणत, "दिवाणजी, हे वागणं तुम्हाला शोभत नाही!" बाभळीला सवय झाली होती. गावाला व्हायला जरा वेळ लागला. मास्तर मूळचे हिंगोलीकडच्या गोरेगावचे, निजामाच्या तालीम, म्हणजे शिक्षण, खात्यानं बदली करून इकडे वसमत तालुक्यात धाडलेले. पहिल्या वर्षी बायाबापड्यांनी ठरवूनच टाकलं होतं की याला तिकडं कोणीतरी करणी केली आहे आणि सरकारनं ती ब्याद आपल्या गळ्यात बांधली आहे.

करणीबिरणी काही नव्हती, एक कादंबरी होती. हिंगोलीच्या बाजारात एक वाणी तिची पानं फाडून त्यात जिरं बांधून देत होता. मास्तरांनी जिरं घेतलं, चालता चालता पुडीवरचं वाचलं, आणि उलट्या पावली जाऊन उरलेलं पुस्तक मागून आणलं. तोवर सुरुवातीची पानं लोकांच्या फोडणीबरोबर गेली होती. त्यामुळे कादंबरीचं नाव काय आणि ती लिहिली कोणी, हे मास्तरांना जन्मात कळलं नाही. "नाव नसेना का, माणसं तर शाबूत आहेत," असं ते म्हणत. जहागिरदाराचा एकुलता एक मुलगा माधव, त्याची आई, त्याला पाण्यात पाहणारे दिवाणजी, एक बोळकी आजी आणि एक गाडीवान, एवढी माणसं मास्तरांच्या घरात कायमची मुक्कामाला होती. त्यांच्या बायकोनं, शालूबाईनं, या मंडळींसाठी ताटं वाढली नाहीत एवढंच.

शाळा चावडीच्या मागच्या दोन खणांत भरायची. चौथीपर्यंतची. मास्तर मन लावून शिकवत, पोरं मन लावून ऐकत, आणि निबंध लिहायला बसली की सगळं मुसळ केरात जायचं. 'गाय' म्हटलं की एकजात सगळ्यांची गाय उपयुक्त, गरीब आणि चार पायांची. एकदा मास्तरांनी एका पोराला विचारलं, "तुझ्या घरची गाय कशी रे?"

"मारकी हाय, मास्तर. माझ्या आज्याला पाडलं तिनं."

"मग ते लिही की!"

पोरानं अशा नजरेनं पाहिलं की मास्तरांचीच कीव यावी. म्हणालं, "पुस्तकात तसं न्हाई नं."

मास्तरांनी मग रोजनिशी लिहायला सांगितली. दिवसभरात काय घडलं, आपल्याला काय वाटलं, ते लिहून दर शनिवारी आणायचं. रोजनिशी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. अल्लाबक्ष पिंजाऱ्याचा मकबूल हुशार. तो म्हणाला, "रोजनामचा, मास्तर. ठाण्यात ऱ्हातो तो." सगळ्यांना एकदम उजेड पडला. पोलीस ठाण्यातला रोजनामचा गावात कोणाला माहीत नाही? शनिवारी पानं आली. 'आज गावात अमन आहे. चोरी नाही. मयत नाही. एक बैल कोंडवाड्यात.' पोलीस पाटील उत्तमरावांच्या मुलानं तर खाली वडिलांचा अंगठासुद्धा उठवून आणला होता. ती पानं वाचून मास्तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि मग तीच पानं पुन्हा वाचू लागले. या पोरांना 'मी' म्हणायचीच लाज वाटते, हे त्यांच्या ध्यानात आलं. घरात वडीलधाऱ्यांसमोर 'मी' म्हणायची सोय नाही, शाळेत मास्तरांसमोर नाही. मग कागदावर ते कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?

सोमवारी मास्तर कादंबरी घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही तुम्ही नाही."

रोज थोडी थोडी कादंबरी ते वाचून दाखवू लागले आणि तिच्यातली माणसं त्यांनी पोरांत वाटून टाकली. ज्याच्या वाट्याला जो माणूस आला, त्यानं तो होऊन त्याची रोजनिशी लिहायची. 'मी' म्हणूनच लिहायचं. नियम एकच, कादंबरीत जे नाही ते घुसडायचं नाही. हा नियम पहिल्याच शनिवारी मोडला. पाटलांचं पोरगं दिवाणजी झालं होतं. त्या दिवाणजींनी सकाळी कचेरीत जाऊन कागदांवर सह्या केल्या, माधवविरुद्ध कट केला आणि दुपारी कढईत हळद शिजायला घातली. कुरुंद्याचं पोर. हळद शिजवत नाही तो मोठा माणूस कसला, हे त्याला कळेचना. मकबूलनं आपण होऊन बोळकी आजी मागून घेतली. बाकीची पोरं फिदीफिदी हसली, पण त्याचं पान वाचल्यावर हसणं थांबलं. 'आज माझे गुडघे लय दुखून राहिले. सून म्हणती बसा. बसले तर उठता येत न्हाई, हे तिला काय ठाऊक.' मास्तरांनी ते पान घरी नेऊन शालूबाईला वाचून दाखवलं. शालूबाई म्हणाली, "हे त्याच्या दादीचं हाय. हुबेहूब." मास्तर त्या रात्री जेवले की नाही कोण जाणे, पण त्यांचं पोट भरलं.

आणि माधव झाला उकंडा.

उकंडा म्हणजे वर्गातला पालथा घडा. काळासावळा, डोळे मोठे, विचारलं तर बोलेल अशी खात्री नाही. मास्तरांनी माधव त्याला दिला तो केवळ उरला म्हणून, कारण कथेचा नायक फार कामं करतो आणि फार लिहावं लागतं, हे बाकीच्या बेरकी पोरांनी ओळखलं होतं. उकंड्यानं मुकाट्यानं माधव घेतला आणि पुढच्या शनिवारी पाठपोट भरलेलं पान आणलं. 'आज आईनं माझ्या ताटात तूप वाढलं. मी पुरे म्हणलो तरी वाढलं. आई हसली. आई हसली की मला चांगलं वाटतं.' त्याच्या पुढच्या पानात, 'आई, मी दूर शिकायला चाललो तर तू रडू नको.' प्रत्येक पानात आई होती. काही पानांत तर दुसरं काही नव्हतंच. पोरगं पात्रात शिरलं म्हणून मास्तर हरखून गेले. आपलं शिकवणं फळाला आलं असं वाटलं की भल्याभल्यांना पुढचं दिसत नाही. मास्तरांनाही दिसलं नाही.

श्रावण सरला, भादवा आला, आणि कादंबरीत माधवला परगावी ताप भरला. त्याची आई बैलगाडी जुंपून रातोरात त्याच्याजवळ गेली. ते प्रकरण ऐकून, एरवी ओढ्याकाठी बसून लिहिणारा उकंडा घरी गेला आणि चुलीजवळ बसून लिहू लागला. लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहायची मास्तरांची शिकवण. त्यानं वाचलं, 'माझ्या अंगात ताप आहे. माझी आई उशाशी बसली आहे. वैद्य बाहेर हळू बोलले, पण मला ऐकू आलं. मी वाचणार नाही.'

घरात त्याची आई गोजरबाई भाकरी थापत होती. तिच्या हातातला उंडा परातीत पडला.

पुढच्याच आठवड्यात उकंड्याला खरोखर हिवताप भरला. भादव्यात कुरुंद्यात कोणाला हिवताप येत नाही? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दुसरं काय! पण हे आपण म्हणणार. गोजरबाई भर दुपारी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मास्तर, म्या तुमचं काय वाईट केलतं म्हून तुमी हे केलं?"

मास्तर गडबडले. गडबडले म्हणजे असे की माणसानं काय बोलू नये तेच बोलले. "गोजरबाई, अहो, वाचणार नाही म्हणजे... पुस्तक वाचणार नाही, असंही होतं ते."

एवढा मोठा विद्वान, पण वेळ कोणती आणि कोटी कोणती! वर्गात एक पोरगं हसलं. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पोराकडे रागानं पाहिलं आणि मान खाली घातली.

"लिवणं म्हणजे बोलण्याच्या वर हाय," गोजरबाई म्हणाली. "बोललेलं वाऱ्यावर जातं, तरी वास्तू तथास्तु म्हणते. हे तर कागदावर हाय."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "मरणाचं लिहून घ्यायला नको होतं."

"मरणाचं न्हाई वं!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मरणाचं व्हय, त्याचंबी हायच. पण त्यानं 'माझी आई' काहून लिवलं?"

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग पोराचं नाव आठवलं.

उकंड्याच्या आधीची गोजरबाईची चार लेकरं गेली होती. पाचवं झालं तेव्हा सुईणीनं ते सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची हलीमा, मकबूलची आई, आधीच ठरल्याप्रमाणे तिथं आली, 'अल्ला, हे कोणाचं टाकलेलं लेकरू!' असं मोठ्यानं म्हणून तिनं ते उचललं आणि ओंजळभर ज्वारीवर गोजरबाईला 'विकलं'. उकंडा म्हणजे उकिरडा, म्हणून पोराचं नाव उकंडा. हा रिवाज मास्तरांना ठाऊक होता. त्यांच्या गोरेगावात धोंडे, दगडू आणि केरबा पैशाला पासरी. पण लोक नाव ठेवून मोकळे होतात. गोजरबाईनं ते व्रतासारखं पाळलं होतं. मरणाला एकदा सांगितलं ना की हे माझं नाही, मग माझं नाही. ती त्याला कधी जवळ घेऊन कौतुक करत नसे. कोणी विचारलं तर म्हणे, "हलीमाचं हाय, माझ्याकडं ऱ्हातं." आणि पोरगं तिला मावशी म्हणायचं. बोलायला लागल्यापासून मावशी. 'आई' हा शब्द त्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. उकंड्यानं तो पहिल्यांदा काढला तो माधवच्या तोंडून.

"इतकी वर्सं लपवून ठेवलं म्या," गोजरबाई म्हणाली. "तुमच्या शाळेनं पत्ता सांगितला." एवढं बोलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं आली नाहीत. कोणाचं पोरगं कादंबरीत आंधळं होणार होतं, कोणाचं तुरुंगात जाणार होतं, आणि कुठल्या आईनं ते का ऐकून घ्यावं? आला फक्त मकबूल. आजीच्या नशिबात मास्तर काही वाईट लिहिणार नाहीत, असा त्याला भरवसा होता. तालीम खात्याच्या साहेबाला शाळा ओस दिसली असती तर ती उठून दुसऱ्या गावी गेली असती, आणि मास्तरांना शाळेवाचून दुसरं काही नव्हतं. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले.

"शाळेचं काय करावं?" ते म्हणाले.

शालूबाई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकरू तापानं फणफणून राहिलं, अन् तुमाला शाळा दिसून राहिली का?"

मास्तर उठले. तसेच वसमतच्या दवाखान्यात गेले आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेऊन आले. आपल्या हातून गोजरबाई घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गोळ्या हलीमाकडे दिल्या. हलीमानं काही विचारलं नाही. लेकरू आपलंच असल्यागत ती सकाळ-संध्याकाळ जाऊन त्याला ती कडूजहर गोळी गुळाबरोबर गिळायला लावू लागली. तापाची एक पाळी चुकली, मग दुसरी चुकली, आणि ताप उतरला. मास्तर रोज लांबच्या गल्लीतून त्या घरावरून जात, आणि त्या दिवसांत ते स्वतःशी एक अक्षर बोलत नव्हते. गावाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळेवरची पाटी बदलली, तरी मास्तर त्याच दोन खणांत होते, शाळा पुन्हा भरत होती आणि शनिवारची रोजनिशीही होती. नव्या सरकारचा एक साहेब तपासणीला आला. त्यानं पोरांची पानं चाळली आणि विचारलं, "ही पद्धत कुठल्या ट्रेनिंगला शिकलात, मास्तर?" मास्तर म्हणाले, "ट्रेनिंगला नाही. सोडायला निघालो होतो, तेव्हाच शिकलो. गोजरबाईंच्या ओसरीवर." साहेबाला काही कळलं नाही. त्या ओसरीवर घडलं ते असं.

उकंड्याचा ताप उतरल्यावर मास्तर एका दुपारी तापाचं ते पान घेऊन गोजरबाईच्या घरी गेले. पोरगं ओसरीवर बाजेवर पडलं होतं, डोळे मिटून. गोजरबाई खाली बसली होती, बाजेपासून जरा लांबच. मास्तर उभ्या उभ्या म्हणाले, "हे ते पान. तुमच्यासमोर फाडतो. कादंबरीही चुलीत घालतो. पोराला तेवढं शाळेत येऊ द्या. गाय उपयुक्त प्राणी आहे, एवढंच लिहून घेईन." हे म्हणताना त्यांनी पानाकडे पाहायचं टाळलं. कारण इतकं चांगलं पान त्यांच्या शाळेत आजवर कोणी लिहिलं नव्हतं, आणि इतकं खरंही.

त्यांनी पानाला हात घातला तेव्हा गोजरबाई म्हणाली, "थांबा."

मग ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली.

"त्या माधवला आई हाय म्हणता."

"आहे."

"ती कोणाला वाटून देली?"

"कोणालाच नाही. मकबूल सोडला तर बाईमाणूस व्हायला एकही पोर तयार नव्हतं."

"ती आपल्या लेकराला माझं म्हणते?"

"उठता-बसता म्हणते."

"अन् तिनं म्हणलं तर... ते माधवला लागू. इथं कोणाला न्हाई."

मास्तर हे कबूल करायला घाबरले. एकदा हात पोळले होते. पण ते खोटं नव्हतं. वर्षभर ते पोरांना हेच तर सांगत आले होते. "इथं कोणाला नाही," ते म्हणाले.

"मंग ती मी होते," गोजरबाई म्हणाली. "मला लिवता येत न्हाई. तुमी लिवा."

मास्तर मांडी घालून बसले. खिशातली पेन्सिल काढली आणि त्याच पानाच्या पाठीवर लिहायला घेतलं. गोजरबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला, जशी एखादी बाई कचेरीत जबानी द्यायला उभी राहते, आणि सांगू लागली.

"मी माधवची आई. आज माझ्या माधवचा ताप उतरला. त्यानं ज्वारीच्या कण्या खाल्ल्या. वाटीभर खाल्ल्या. माधवच्या आधी माझे चार गेले."

कादंबरीत माधवच्या आधी कोणी नव्हतं. मास्तरांनी लिहिलं.

"माझा माधव लय गुणाचा हाय. त्याचे डोळे माझ्या बापावर गेले. म्या त्याला कधी जवळ घेतलं न्हाई, पण तो निजला की रोज त्याच्या तोंडाकडं पाहाते. तो कोणाचा म्हून इचारलं तर मी दुसऱ्याचा सांगते. तो दुसऱ्याचा न्हाई. माझ्याच पोटचा हाय. लिवलं का?"

"लिहिलं," मास्तर म्हणाले. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, तरी लिहिलं.

"वाचा."

मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. आवाज फार मोठा नव्हता, पण ओसरी लहान होती. वाचून झालं. बाजेवर उकंड्यानं डोळे उघडले होते. तो किती वेळ जागा होता देव जाणे.

"आई," तो म्हणाला, "पाणी."

गोजरबाईनं दाराबाहेर पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना असं सगळीकडे पाहिलं, आणि शेवटी मास्तरांकडे पाहून अगदी हळू विचारलं,

"माधवच बोलला नं, मास्तर?"

"माधवच," मास्तर म्हणाले.

मग गोजरबाई उठली, तांब्या घेऊन बाजेवर बसली, आणि लेकराचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याला पाणी पाजलं.